केळीच्या चिकाचा डाग

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचनाची गोडी लागावी, म्हणून गेल्या वर्षी मी या शाळेला चाळीस पुस्तकं निवडून दिली होती. आज ‘उत्कृष्ट वाचक’ बक्षीस द्यायला मलाच बोलावलं. मुख्याध्यापिकांनी कौतुकाने कपाटाचं कुलूप काढलं. “केयूरला देतोय. वर्षभर एकाही पुस्तकाला त्याने सुरकुती पडू दिली नाही!” मी एक उघडलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. खालच्या कप्प्यात एकच पुस्तक काळवंडलेलं दिसलं. “तो दुसरीतल्या हेमालीचा प्रताप. निर्मळ गावात केळीची वाडी त्यांची. घड उचलता उचलता आईला वाचून दाखवते म्हणे! चिकाचा डाग, मॅडम, जन्मात निघायचा नाही. तिची पुस्तकं बंद केली.” प्रत्येक पानावर इवलासा काळा अंगठा उमटला होता. “यंदाही पुस्तकं सुचवा ना!” “कशाला? जन्मात न निघणारा डाग पडावा म्हणूनच तर दिली होती!”