मिंगेलचा अंगठा

मिंगेल फिरंगी पेशव्यांच्या तोफखान्यात चाकरीला होता. त्याचं काम एकच. पुढचा गडी तोफेच्या तोंडातून दारू ठासत असताना मागचं बत्तीचं भोक अंगठ्यानं दाबून धरायचं. वारा लागून आत राहिलेली ठिणगी फुलली, तर पुढचा गडी गेलाच.

कर्नाटकच्या मोहिमेत शत्रूच्या स्वारांनी मिंगेलला तोफेवरच तोडला. त्यानं अंगठा उचलला नाही. म्हणून तर ठासणारा सटवाजी जिवंत पुण्याला परतला.

दसऱ्याच्या सकाळी पुण्याबाहेर गारपिराच्या माळावर तोफांची सलामी होती. मिंगेलच्या जागी आता चांदखान होता. पहिला बार उडाला. सटवाजी गजानं पुन्हा दारू ठासू लागला. चांदखाननं भोकावर अंगठा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अरे, भोक धर की! मारतोस का मला?" सटवाजी ओरडला.

"कुणीतरी आधीच धरलंय," चांदखान म्हणाला. भोक उघडं दिसत होतं. पण त्याच्या बोटाला ऊबदार कातडी लागली होती, नखासकट.

सटवाजीचा चेहरा उतरला. गज तोफेत तसाच सोडून तो मागे आला. त्यानं भोकावर चिमूटभर दारू टाकली. ती आत उतरेना, वरच तरंगत राहिली.

"सोड आता, मिंगेल," तो हळूच म्हणाला. "मी इकडं आलोय. तोंडाशी कुणी नाही."

दारू हलली नाही.

दोघांनी तोफेच्या तोंडाकडे पाहिलं. गज अजून आत-बाहेर होत होता.