क्रेनवाल्याची साखर

क्रेनवाल्याचं पोट केबिनच्या दारात अडकायला लागलं आणि नेमकं तेव्हाच कंपनीने रक्त तपासायचं फर्मान काढलं. साखर निघाली की क्रेनवरून कायमचं खाली. गड्याची तंतरली. त्याने धाकट्या भावाला पुढे केलं.

"माझं ओळखपत्र घे आणि रक्त देऊन ये."

"आणि पकडला गेलो तर, दादा?"

"कोण पकडतंय? त्यावरचा फोटो माझं पोट सुटायच्या आधीचा आहे. माझ्यापेक्षा तूच जास्त माझ्यासारखा दिसतोस!"

धाकटा म्हणजे नुसती काडी, फुंकर मारली तर उडेल. त्याला कुठली आलीय साखर!

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांनी क्रेनवाल्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"साखर भयंकर वाढलीय तुमची. असंच चाललं तर डोळे जातील, किडन्या जातील. रोज खाता तरी काय?"

धाकट्याचं खाणं क्रेनवाल्याच्या डोळ्यांसमोर आलं. जेवणाच्या जागी क्रीमची बिस्किटं, पाण्याच्या जागी कोल्ड्रिंक. पोरगं बारीक म्हणून घरात कोणी कधी टोकलंच नव्हतं. उलट आईच म्हणायची, खाऊ दे रे, अंगाला लागेल.

"अहो, बोला की! गप्प बसलात तर औषध कसं देऊ?"



"औषध माझ्या भावाला द्या डॉक्टर, रक्त त्याचं आहे," तो म्हणाला आणि क्रेनची किल्ली टेबलावर ठेवली.