पोथीतली ओवी

"जुनी वाणी खोटं बोलत नाय, बापा!" पैठणला पहाटे दारात आलेला पिंगळा म्हणाला होता. नानासाहेब तेव्हा सात वर्षांचे होते, आणि तेव्हापासून काही जुनं दिसलं की त्यांची मान आपोआप झुकते. म्हणूनच त्यांनी एका प्रदर्शनातून यादवकाळातले वाटावेत असे, भविष्य सांगणारे टॅरोचे पत्ते आणले. सोबत पिवळ्या पानांची पोथी होती आणि तिच्यात प्रत्येक पत्त्याची एक ओवी. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे नक्कीच कुणीतरी सिद्धपुरुष असणार.

आज त्यांच्या पुंडलिकनगरच्या घरी सत्यम आला होता. त्यांच्या लेकीच्या, श्रेयाच्या मनात तो केव्हाच भरला होता. आता फक्त वडिलांचा होकार हवा होता.

"काय करता आपण?"

"लिहितो, काका. मिळेल ते काम घेतो."

नानासाहेबांनी एक पत्ता ओढला, पोथी उघडली आणि सुरात वाचलं,

"वहीत चांदणं, डब्यात पीठ नाय,
असल्या कवीला लेक देऊ नाय."

मग त्यांनी पोथी कपाळाला लावली. "ऐकलं? याला म्हणतात लिहिणं! तुम्हाला जमंल का जन्मात अशी एक तरी ओळ?"

श्रेयाचे डोळे भरून आले. "अरे, बोल ना काहीतरी!"

 

"जमली होती, काका," सत्यम म्हणाला. "ही पोथी मीच लिहिलीय, पत्ते छापणाऱ्यांनी दिलेलं काम होतं. ही ओवी लिहिली त्या दिवशी तिसऱ्या मुलीच्या घरचा नकार घेऊन आलो होतो."