मागच्या खोलीची लाईन

“बोर्डापाशी जळल्यावानी वास येऊन राह्यला वं, नंदिनी. एकडाव पाहून घेजो,” सासूबाईंनी होळीच्या सुमारास सांगितलं होतं. एसी तेव्हा नुकताच लागला होता.

“तुमच्या फोडणीचाच असेल, आई,” नंदिनी म्हणाली होती.

पुढच्याच आठवड्यात कुसुमबाईंची फोडणी मागच्या खोलीत गेली. लहानग्या खुशीला ठसका लागतो, एवढं कारण पुरलं. रुपेशने आईला कॉइलची विजेची शेगडी आणून दिली. भाकरी, भाजी, डाळ, सगळं तिथेच शिजू लागलं आणि ताटं झाकून पुढे येऊ लागली.

आज सकाळी एसी बंद पडला म्हणून बंडूजी इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला. आतून काळा ठिक्कर. खाली खुशीचा पाळणा. बंडूजींनी एसीची जुनी वायर ओढून काढून तिचं वेटोळं दाराशी ठेवलं, नवी टाकली, आणि जेवायच्या वेळेला ते निघून गेले.

खुशी झोपल्यावर नंदिनी बाहेरच्या छपरीत बसली. तिच्या हातात दोन तुकडे होते, एक जुन्या वायरचा, एक नवीचा. बाहेरून दोन्ही सारखेच जाड. नव्यावर तांब्याच्या जाडीचा आकडा छापलेला होता, चार. जुन्यावरचा आकडा पुसलेला. तिने चाकूने दोन्हींचं कव्हर सोललं. नव्यात तांब्याच्या बारीक तारांचा भरगच्च झुपका निघाला. जुन्याचं कव्हर चिंचेच्या टरफलासारखं तडकून पडलं, आणि आत तीनच तारा. सगळी जाडी प्लॅस्टिकची. ही दिव्या-पंख्याची वायर होती. हिच्यावर दोन महिने एसी चालला, आणि खाली खुशी झोपली.

वेटोळं आत्ताच्या आत्ता भंगारात टाकावं म्हणून ती उठली, तर दाराशी वेटोळं नव्हतं. मागून हातोडीचा आवाज येत होता.

मागच्या खोलीत रुपेश स्टुलावर चढून भिंतीवर पट्टी ठोकत होता. पट्टीत तीच वायर. कुसुमबाई दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या होत्या.

“अहो, हे काय करता?”

“आईच्या शेगडीले वेगळी लाईन. कधीची एक्स्टेन्शनवर चालवून राह्यली होती, ते बरं नाई.”

“पण ही एसीची काढलेली वायर आहे.”

“जळलेला तुकडा कापला मी. बाकी चांगली हाय. नुसती फेकून द्यायची काय?”

“मीच म्हटलं त्याले,” कुसुमबाई म्हणाल्या. “एवढी मोठी वायर, काऊन वाया घालवा?”

नंदिनीने हातातला तुकडा पुढे केला. “बघा, आत तीनच तारा आहेत. एसी हिला झेपला नाही. शेगडी तर एसीपेक्षा जास्त खाते. उलटी करून बघा, दोन हजार वॅट लिहिलंय खाली.”

“झालं हिचं बीएस्सी सुरू!” रुपेश हसला. “एसी रातभर चालते. शेगडी किती वेळ चालते? दोन टाईम सैपाक.”

“नवी वायर उरली आहे ना? तीच टाका.”

“ते वरच्या खोलीसाठी ठेवली. खुशी मोठी झाली की तिले लागन.”

“मग एक्स्टेन्शनच राहू द्या. पण ही नको.”

रुपेश वैतागला. “तू पण ना! तिकडं खुशी झोपते. इकडं कोण झोपते?”

हातोडी हवेतच थांबली. कुसुमबाईंची बाज त्याच भिंतीला लागून होती. उशी, पांघरूण, उशाशी पाण्याचा तांब्या.

“मले कुठं झोप लागते बापा,” कुसुमबाई हसल्या. “मी तं जागीच राह्यतो. तू ठोक. अन् नीट उभा राह्य, पडशीन.”

रुपेशने ठोकलं. पट्टीवर पांढरं झाकण बसवलं. पुढच्या खोलीत सकाळी बसवली तशीच पट्टी, तसंच झाकण. आता बाहेरून काही कळण्यासारखं राहिलं नाही. त्याने स्विच दाबला. शेगडीची कॉइल हळूहळू लाल झाली.

“आली!” कुसुमबाईंना खरंच आनंद झाला.

“आई...” नंदिनी म्हणाली.

“काय वं?”

उद्यापासून आतच करत जा स्वयंपाक, गॅसवर, माझ्याजवळ. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात पुढच्या खोलीत खुशी खोकली. झोपेतच, एकदा.

“काही नाही,” नंदिनी म्हणाली. आत गेली, आणि गारवा जाऊ नये म्हणून तिने मधलं दार ओढून घेतलं.

समुद्रपूरला कधी येणं झालं, तर नंदिनीचं एक काम करा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, निंबाजवळचं घर. भाकरीच्या वेळेला जा आणि कुसुमबाईंना एक हाक मारून बघा. मागच्या दाराने जा. पुढून आवाज देऊन उपयोग नाही. एसी सुरू असला की आतल्यांना ऐकू येत नाही.