सातवा सूट

"तयार कोट आहेत माझ्याकडे, ताई," दिपाली म्हणाली. "टाय आहे, शेरवानी आहे, फेटाही आहे. गेलेल्या माणसाला घरचे म्हणतील ते घालून देते. पण अंतराळवीराचं काही नाही."

"मी आणलाय," उन्नती म्हणाली आणि मांडीवरची पिशवी तिने काउंटरवर ठेवली.

दिपाली फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायची. तिच्या कृपेने भिवंडीतली कितीतरी माणसं, ज्यांनी उभा जन्म बनियनवर काढला, ती भिंतीवर गेल्यावर सुटाबुटात दिसत होती. पण पिशवीतून निघालेला हा सूट तिनेही जरा जपूनच हातात घेतला. चंदेरी होता. गोदामातून आइस्क्रीम ज्या पिशव्यांतून जातं, त्या कापडाचा.

शाळेच्या गॅदरिंगसाठी असे सात सूट उन्नतीनेच शिवले होते. मशीनसमोर फोटो चिकटवून. अंतराळात जायला अमेरिकेने पहिल्यांदा निवडलेली सात माणसं, पुढे चार, मागे तीन, सगळी चंदेरी. सहा सूट स्टेजवर चढले. सातवा तिच्या भाविकचा. तो गॅदरिंगच्या आधीच तापाने गेला.

गॅदरिंगचा फोटो स्क्रीनवर होता. पुढे चार पोरं, मागे दोन. गमबुटांना चंदेरी स्प्रे मारलेला, मोटारसायकलच्या हेल्मेटांना पांढरा रंग.

"ह्यांच्यात बसवा त्याला," उन्नती म्हणाली. "मागे. तिसरा."

भाव विचारावा तशा आवाजात बोलली ती. रडायला येईल म्हणून दिपालीने पाण्याची बाटली पुढे सरकवून ठेवली होती, ती तशीच राहिली. उन्नती भिंतीवरचा पासपोर्ट फोटोच्या दरांचा बोर्ड वाचत होती. वाचून झाला की परत वरून.

"चेहरा?"

उन्नतीने मोबाइल दिला. वज्रेश्वरीच्या कुंडाजवळचा भाविक, केस ओले, उन्हाने डोळे बारीक केलेले.

"चालेल. हेल्मेट ह्या पुढच्या कडेच्याचं कॉपी करते."

कडेचा म्हणजे सागर. आणि सागरचे वडील काळूराम शेठ मागच्या सोफ्यावरच बसले होते. हा फोटो मोठा करून शाळेच्या हॉलमध्ये लावायचा होता, फ्रेम शेठ देणार होते, आणि खाली 'सौजन्य' म्हणून आपलं नाव केवढं येतंय ते बघायला स्वतः आले होते. दोन्ही घरं कोन गावची, एकाच आळीतली.

"माज्या पोराचा हेल्मेट?" शेठ उठून पुढे आले. "न्हाय, न्हाय. थांब." मग उन्नतीकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "वैनी, वाईट वाटून घ्यू नको. त्याचा येगला फोटो बनवू. एकट्याचा. फ्रेम मी देतो, मोठी देतो. पन ह्या लायनीत नको. जिती पोरं हायत ती."

"एकट्याचा आहे घरी, भाऊजी," उन्नती म्हणाली. "हार घातलेला."

शेठने नजर स्क्रीनवरच्या पोरांकडे वळवली.

"तालमीत त्याची जागा ठरली होती. मागे, तिसरा. एवढंच."

दिपालीला राहवलं नाही. उन्नतीने नमुन्याला आणलेला तो अमेरिकेचा फोटो तिने शेठच्या नाकासमोर धरला. "ह्या सातांमधलं आज एकही माणूस हयात नाही, शेठ. ह्यांच्यासारखे कपडे घालून सागरला उभं केलंत, तेव्हा नाही आलं मनात?"

"ते लांबचे गं," शेठ म्हणाले. "ह्यो आमच्या दारात खेललाय."

दिपालीने सूट स्टुलावर पसरून पाहिला, कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. "चपटा दिसतोय. आत काहीतरी भरायला लागेल."

कोपऱ्यात पडदे शिवून उरलेल्या चिंध्यांचं पोतं होतं. उन्नती खाली बसली. आधी बाह्या भरल्या, मग पाय, मग पोट. उशी भरावी तशी, कोपरे दाबून, गोळे मोडून. हात नेहमीच्या कामाला लागले तसे चालत होते. शेठ उभ्याउभ्या बघत होते.

"पायाला एवढी दुमड कशाला ठेवली?"

"वाढतं अंग," उन्नती म्हणाली. "पुढच्या वर्षी उसवून खाली सोडणार होते."

शेठने मान दुसरीकडे फिरवली. बाहेर एक कंटेनर मागे मागे येत होता आणि कोणीतरी "आने दे, आने दे" म्हणून ओरडत होतं. ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

भरलेला सूट दिपालीने स्टुलावर बसवला. तो पुढे कलला. परत बसवला, तर डावीकडे गेला. उन्नती बघत राहिली. सावरायला ती हात पुढे करील असं दिपालीला वाटलं, पण तिचे हात मांडीवरच होते, तळवे वर, चिंध्यांचे धागे चिकटलेले.

तेवढ्यात शेठ आले. स्टुलामागे गुडघ्यावर बसले, पांढऱ्या पँटीची पर्वा न करता, आणि त्यांनी सूट दोन्ही खांद्यांना धरून सरळ केला.

"मागं, तिसरा बोलली ना वैनी?" ते दिपालीला म्हणाले. "मंग उभा कर. बसलेला कशाला?"

त्यांनी सूट वर उचलला. गळ्याच्या मोकळ्या भोकामागे त्यांचा घामेजलेला चेहरा आला, तो त्यांनी घाईने बाजूला घेतला. दिपालीने एक फोटो काढला आणि स्क्रीनवर पाहिला.

"शेठ, खांद्यावर तुमची बोटं येतायत. अंगठीसकट. जरा सोडा."

शेठने सोडलं नाही.

"सोडू कसा?" ते म्हणाले. "पडंल ना तो."