चिमणीचा दगड

कागद बायकोच्या हाती लागला तो शुक्रवारी दुपारी, छिन्न्यांच्या डब्याखाली. आठ दिवस तो तिथेच दडवलेला होता. कबरस्तानाच्या कचेरीचा शिक्का आणि त्याखाली दोनच ओळी: दोन वर्षं उलटूनही ज्या जागेवर दगड बसलेला नाही, ती जागा शनिवारी सकाळी खणून दुसऱ्याला देण्यात येईल. वर जागेचा आकडा. तो तिला वाचावा लागला नाही, पाठच होता.

"हे काय आहे?"

छिन्नीमास्तर, म्हणजे तिचा नवरा, कुणा वकिलाच्या कबरीचा दगड कोरत बसला होता. त्याने मान वर केली नाही. सगळ्या वस्तीच्या मेलेल्यांची नावं कोरून हात बसलेला हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या मुलीच्या उशाशी मात्र गंजकी पत्र्याची पट्टी. लोक आधी हळहळले, मग कुजबुजले, मग त्यांनी नाद सोडला.

मास्तर काही कंजूष नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. तो वाट बघत होता. त्याची ख्रिस्ती मंडळी छोटी, पंचवीस-तीस भाविकांची. प्रभू आता येणारच, आज नाहीतर उद्या, या भरवशावर ती सगळी जगत. कुणी पुढच्या वर्षाचं कॅलेंडर विकत घेत नसे. जानेवारी उजाडला की शेजाऱ्याच्या भिंतीकडे डोकावून तारीख बघत. भांडण झालं तर दिवे लागायच्या आत मिटवत. मास्तरही तसाच जगला, अगदी सरळ. पण त्यांची मुलगी, चिमणी, गेली त्या दिवशी त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली आणि तिथे तो चुकला. प्रभू येताना कर्णा वाजला की सगळ्या मेलेल्यांबरोबर ती उठणारच आहे. मग चार दिवसांच्या झोपेला दगड कशाला?

"आठ दिवस मूग गिळून बसलात," बायको म्हणाली.

"म्हटलं, तेवढ्यात येईल."

कोण, ते तिने विचारलं नाही. कागदाची घडी घालून तिने तो त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"आज शुक्रवार. उद्या सकाळी तिच्या अंगावर कुदळ चालणार. आज रात्रीत येतोय का तो, एवढंच सांगा. येत असेल तर मी गप्प बसते."

"असं काय बोलतेस? तू पण त्याचीच ना?"

"त्याचीच आहे. तिची पण आहे."

आठ दिवस मास्तरच्या जिवाला थारा नव्हता. रोज पहाटे गुडघे टेकून तो तेच मागत होता, आणि गेल्या दोन दिवसांपासून त्याला आपल्याच मागण्याची लाज वाटत होती. जगाचा शेवट मागायचा, तोही कचेरीचा एक कागद चुकवायला.

"दगड बसवला की ती तिथेच राहणार, हे आपण मान्य केलं असं होईल गं," तो अखेर म्हणाला.

"दोन वर्षं तिथेच आहे ती."

बायको उठली. दगडांना पॉलिश करायचं काम तिचं, त्यामुळे हात कोपरापर्यंत ओले. भिंतीशी टेकवलेला हातभर लांबीचा काळा दगड तिने एकटीनेच ओढत आणला, वकिलाला बाजूला सारलं आणि तो मास्तरपुढे मांडला. मास्तरने खडूने रेघा आखल्या. छिन्नी कधी उचलली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

पहिलं अक्षर झालं. तिने ओल्या बोटाने भुकटी पुसली आणि अक्षरात नख घालून पाहिलं.

"हे किती वर्षं दिसेल?"

गिऱ्हाइकं नेहमी हाच प्रश्न विचारत. उन्हापावसात दगड झिजतो; अक्षर जेवढं खोल, तेवढं त्याचं आयुष्य. मास्तर बोटाच्या पेरावर मोजून दाखवी: एवढं कोरलं तर वीस वर्षं, एवढं कोरलं तर चाळीस.

"पाच-सहा," तो म्हणाला. "पुष्कळ झाली. त्याच्या आत येईल तो."

"आणि नाही आला तर?"

मंडळीत हा प्रश्न आजवर कुणी मोठ्याने विचारला नव्हता. मास्तरने छिन्नी खाली ठेवली. त्याला रडू आलं आणि ते त्याने आवरलं नाही. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच रडत होता. लवकर भेटणाऱ्या माणसासाठी कोण रडत बसतं? बायकोने त्याला रडू दिलं. मग छिन्नी उचलून तिने परत त्याच्या हातात दिली.

तो पुन्हा पहिल्या अक्षराशी आला. वीस वर्षांचं खोल झालं. तिने बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. नाही. चाळीस वर्षांचं झालं. तोवर या दोघांपैकी कुणी उरणार नव्हतं, मंडळीचा पाळकही नाही, आणि चिमणी कोण होती हे सांगायलाही कुणी नसणार होतं. तिने पुन्हा मान हलवली. एवढं खोल मास्तरने आजवर एकाही गिऱ्हाइकाला कोरून दिलं नव्हतं. दगडाचा आवाज बदलला, तसा त्याचा हात थांबला.

"याच्या पुढे गेलो तर फुटेल."

"मग फुटायच्या जरा आधी थांबा," ती म्हणाली.