वाडग्याचं तोंड

रणजितनं चहाचा जुना कोरियन वाडगा आणला, तेव्हा निम्मं कन्हेरी गाव बघायला आलं आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला बरा हाय, असं एकमतानं ठरवून गेलं. त्यानं इंदापुरातून काचेचं कपाट करवून आणलं, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात बांधली.

आल्यागेल्याला तो अशा वाडग्यातून चहा प्यायची जपानी रीत ऐकवी. वाडग्याला तोंड असतं, हा निळसर डाग म्हणजे तोंड. यजमान ते पाहुण्याकडं करून हिरवा, फेसाळ चहा देतो. पाहुणा मान राखून वाडग्याचं तोंड पलीकडं वळवतो आणि मगच पितो.

त्याचे वडील श्रीपती आबा हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आले. त्याच दिवशी बंद कपाटातल्या वाडग्याचा डाग आबांच्या खाटेकडं वळलेला दिसला. रणजितनं तो सरळ केला, सकाळी पुन्हा तसाच. खाट ओसरीवर हलवली, तर डाग ओसरीकडं.

"अहो, विकून टाका की तो," त्याची बायको मेघना म्हणाली. "मला आबांची काळजी वाटते."

"उसाच्या ट्रॅक्टरचे हादरे बसतात गं." पण बोलताना तो किल्ली चाचपत होता.

आज सकाळी डाग ओसरीच्या पलीकडं, भिंतीकडं वळलेला होता.

"बघ, सोडला आबांचा नाद!" रणजित हसला.

ती रीत पाठ झालेली मेघना हसली नाही. आबांसाठी ओतलेला चहाचा कप तसाच घेऊन ती ओसरीवर धावली.

"नगं पोरी," आबा म्हणाले, "माझा झाला की आत्ताच." आणि त्यांनी मिशीवरचा हिरवा फेस पुसला.